नादाचे गणित मांडणाऱ्या सोफी जर्मेन



आपल्या स्मरणिकेत दर वर्धापनदिनी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे असा प्रघात आहे. जिजामाता, अहिल्यादेवी, सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, डॉक्टर आनंदीबाई या सर्वांवर लिहून झाले. यंदा हे काम माझ्याकडे आले तेव्हा मी परक्या देशातील एका बाईंची निवड केली. त्यांचे नाव सोफी जर्मेन. फ्रान्स देशाच्या पॅरिस शहरात त्या जन्मल्या आणि तेथेच वारल्या. गणित शिकलेल्या लोकांत त्यांचे नाव जगभर आहे. आपल्यासारख्यांच्या घरांत मात्र ते अजून फारसे पोचलेले नाही, म्हणून हा उद्योग.

आपण भजनाला बसतो तेव्हा पेटी असते, तबला असतो, टाळ असतात, कोणी तंबोरा छेडते. सूर लागला की मन प्रसन्न होते. पण तो सूर त्या लाकडातून, कातड्यातून आणि पितळेतून निघतो कसा, हे आपण सहसा विचारीत नाही. या बाईंनी त्यातलाच एक फार अवघड भाग सोडवावयास घेतला आणि त्यासाठी उमेदीची वर्षे वेचली. मी स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. माझ्या मुलीने कॉलेजच्या पुस्तकांतून वाचून मला समजावून सांगितले. कणीक मळता मळता पुष्कळ प्रश्न विचारून मी तिला भंडावून सोडले. जेवढे मला नीट उमगले तेवढेच येथे लिहिते.

सोफीचा जन्म 1 एप्रिल 1776 रोजी झाला. आपल्याकडे तेव्हा पेशवाई होती. वडील सुखवस्तू व्यापारी होते. तीन बहिणींत सोफी मधली. घरात खाण्यापिण्याची ददात नव्हती, नोकरचाकर होते, आणि मुख्य म्हणजे वडिलांचा ग्रंथसंग्रह मोठा होता. सोफी तेरा वर्षांची असताना, 1789 मध्ये, फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. पॅरिसच्या रस्त्यांवर दंगे उसळले, बॅस्टिलचा तुरुंग लोकांनी फोडला. अशा दिवसांत मुलींना घराबाहेर कोण सोडणार? सोफी घरातच अडकली आणि वडिलांच्या पुस्तकांच्या खोलीत जाऊन बसू लागली.

तेथे तिच्या हाती गणिताच्या इतिहासाचा एक ग्रंथ लागला. मोंत्युक्ला नावाच्या पंडिताने तो लिहिलेला होता. त्यात आर्किमिडीजची कथा होती. शत्रूचे सैन्य गावात घुसले तरी हा म्हातारा आपल्या भूमितीच्या आकृतीत गुंग होता. शिपायाने हटकले तरी तो भानावर आला नाही, आणि त्या शिपायाने त्याला ठार केले. ही हकीगत वाचून दुसरी एखादी मुलगी हळहळली असती आणि पान उलटून पुढे गेली असती. सोफीच्या मनात मात्र वेगळेच आले. ज्या विषयात माणूस मरणही विसरतो तो विषय आहे तरी कसा, हे पाहिलेच पाहिजे, असे तिने ठरविले.

तेव्हापासून तिला गणिताचा ध्यास लागला. शिकवावयास कोणी नाही. त्या काळच्या मोठ्या घरांतील मुलींना थोडे गाणे, थोडे भरतकाम आणि चारचौघांत बोलण्यापुरते वाचन एवढे पुरे, अशी समजूत होती. जास्त शिकले तर मुलीची प्रकृती बिघडते असेही मानीत. सोफी रात्री जागून अभ्यास करते हे आईवडिलांना कळले तेव्हा ते घाबरले. त्यांनी तिच्या खोलीतील मेणबत्त्या काढून घेतल्या. शेगडी पेटविणे बंद केले. रात्री तिचे गरम कपडेही उचलून नेले, म्हणजे थंडीने तरी पोर अंथरुणात पडून राहील! पॅरिसची थंडी म्हणजे आपल्या पौष महिन्यासारखी नव्हे; तेथे दौतीतील शाई गोठते. सोफीने मेणबत्त्या लपवून ठेवल्या होत्या. सर्वजण निजले की ती रजया पांघरून उठे आणि वाचावयास बसे. एका सकाळी ती मेजावरच झोपलेली सापडली. दौतीत शाईचा बर्फ झालेला आणि पाटीवर आकडे मांडलेले. त्यानंतर मात्र आईवडिलांनी हात टेकले. मला यात त्यांचा फार राग येत नाही. पोरीच्या काळजीनेच त्यांनी ते केले. आणि पुढे जन्मभर वडिलांनीच तिचा खर्च चालविला, लग्नासाठी किंवा पैशासाठी तिला कोणापुढे मिंधे होऊ दिले नाही. सोफीने लग्न केलेच नाही.

न्यूटन आणि ऑयलर यांचे ग्रंथ लॅटिन भाषेत होते. ते वाचता यावेत म्हणून ती आपली आपण लॅटिन शिकली.

1794 मध्ये पॅरिसमध्ये एकोल पॉलितेक्निक नावाची मोठी शाळा निघाली. देशातील उत्तम गणिती तेथे शिकवीत. पण मुलींना प्रवेश नव्हता. व्याख्यानांच्या लेखी प्रती मात्र मिळत. सोफीने त्या मिळविल्या. विद्यार्थ्यांनी वर्ष संपताना आपले विचार लिहून अध्यापकांकडे द्यावयाचे असत. सोफीने ल ब्लां नावाच्या एका विद्यार्थ्याचे नाव घेऊन आपला निबंध लाग्रांज या थोर गणित्याकडे पाठविला. लाग्रांज चकित झाले. हा विद्यार्थी कोण, त्याला भेटावयाचे आहे, असे त्यांनी कळविले, तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. लाग्रांज रागावले नाहीत. उलट त्यांनी या मुलीचे कौतुक केले आणि पुढेही तिला आधार दिला. अशी माणसे भेटावी लागतात.

पुढे जर्मनीतील गाउस यांच्याशीही सोफीबाईंनी याच पुरुषी नावाने 1804 मध्ये पत्रव्यवहार सुरू केला. गाउस म्हणजे त्या काळचा गणितातील सूर्य. काही वर्षांनी नेपोलियनच्या फौजा त्यांच्या ब्राउन्श्वाइग गावात शिरल्या. सोफीबाईंना पुन्हा आर्किमिडीज आठवला असावा. त्यांच्या घरोब्यातील एक सेनापती, पेर्नेती, त्या स्वारीवर होते. गाउस यांच्या जिवाला धक्का लागू नये असे बाईंनी त्यांना लिहिले. सेनापतींनी एक अधिकारी चौकशीस पाठविला. गाउस गोंधळले, कारण पॅरिसच्या कोणा जर्मेनबाईंना ते ओळखतच नव्हते! अखेर 1807 मध्ये बाईंनी आपले खरे नाव कळविले. गाउस यांनी उत्तरात मनापासून आनंद व्यक्त केला. स्त्रियांच्या वाटेत रूढीने किती काटे पेरलेले असतात आणि ते ओलांडून जी इथवर येते तिच्या अंगी केवढे धैर्य व केवढी बुद्धी असली पाहिजे, अशा अर्थाचे ते पत्र होते.

आकड्यांच्या शास्त्रात बाईंनी जे काम केले ते मोठे आहे, पण ते माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. ज्या मूळसंख्येची दुप्पट करून एक मिळविले असता पुन्हा मूळसंख्याच येते, उदाहरणार्थ 2, 3, 5, 11, 23, त्या संख्यांना त्यांचे नाव दिलेले आहे, एवढे सांगून मी नादाकडे वळते.

आता आधी नाद म्हणजे काय ते पाहू. देवघरातील घंटा वाजवा आणि लगेच तिला बोट लावा. बोटाला झिणझिण्या येतात आणि आवाज बंद पडतो. घंटा थरथरत होती म्हणून आवाज होता. थरथर थांबली, आवाज थांबला. तंबोऱ्याची तार छेडली की ती पुढेमागे इतकी झपाट्याने हलते की एका तारेच्या जागी धुरकट पट्टा दिसतो. तार पुढे येते तेव्हा जवळची हवा दाबली जाते, मागे जाते तेव्हा हवा विरळ होते. ही दाट आणि विरळ हवेची लाट पुढे पुढे सरकत आपल्या कानापर्यंत येते आणि कानातला पडदा तसाच हलवू लागते. हवा स्वतः तंबोऱ्यापासून आपल्या कानापर्यंत वाहत येत नाही. विहिरीत खडा टाकला की लाट काठाला पोचते, पण पाण्यावरचे पान जागच्या जागीच वरखाली होते, तसेच हे. ही लाट सेकंदाला सुमारे 340 मीटर जाते. म्हणून वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत तीन सेकंद गेले तर वीज सुमारे एक किलोमीटरवर आहे असे समजावे. हवाच नसेल तर ही लाट उठणार कोठून? काचेच्या हंडीतील हवा काढून घेतली तर आतील घंटा वाजताना दिसते, पण ऐकू येत नाही.

सेकंदाला जितकी आंदोलने जास्त तितका सूर चढा. पेटीवर मधल्या सप्तकातील काळी एक दाबली तर आतली पितळेची जीभ सेकंदाला सुमारे 277 वेळा हलते. वरच्या सप्तकातील काळी एक दाबली तर बरोबर दुप्पट, म्हणजे 554 वेळा. पेटीवाले या जिभांना सूर म्हणतात. भात्याची हवा त्यांच्यावरून गेली की त्या फडफडतात. लांब जीभ सावकाश हलते म्हणून खर्जात बोलते, आखूड जीभ लवकर हलते म्हणून तारात. तारेचेही तसेच. खुंटी पिळून तार ताणली की सूर चढतो, जाड तार खाली बोलते, आणि तार बरोबर अर्ध्यावर दाबून छेडली की वरचा सा लागतो. तीन भागांपैकी दोन भाग मोकळे ठेवले तर पंचम मिळतो. नुसत्या तारेचा आवाज मात्र बारीक असतो, कारण इतकी अरुंद वस्तू हवेला कितीशी ढकलणार? ती घोडीवरून तबलीला हलविते, तबली रुंद असते, ती पुष्कळ हवा हलविते, आणि मग भरदार आवाज निघतो. मिरजेचे कारागीर भोपळा आणि तबली निवडताना एवढे चोखंदळ असतात ते उगीच नव्हे.

तारेचे गणित सोफीबाईंच्या आधीच पुष्कळसे झाले होते. तार म्हणजे एक रेघ. ती हलणार ती एकाच दिशेने लांब. पण थाळी, झांज, घंटा, व्हायोलिनची तबली यांचे काय? थाळी लांबीतही वाकते आणि रुंदीतही वाकते, आणि दोन्ही वाकणी एकमेकींत गुंतलेली. तिची थरथर कशी मांडावयाची हे कोणालाच येत नव्हते.

येथे एक गमतीचे गृहस्थ आले. त्यांचे नाव क्लाड्नी, जर्मनीतील विटेनबर्ग गावचे. शिकले कायदा आणि रमले आवाजात. आकाशातून दगड पडतात हे लोकांना पटवून देण्याचा खटाटोपही त्यांनी केला होता. लोक हसले, पण पुढे ते खरे ठरले. क्लाड्नी यांनी 1787 मध्ये आपला प्रयोग प्रसिद्ध केला. धातूची किंवा काचेची सपाट पट्टी घ्यावयाची, ती एका जागी घट्ट धरावयाची, तिच्यावर बारीक वाळू भुरभुरावयाची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज ओढावयाचा. पट्टीतून सूर निघतो आणि त्याच क्षणी वाळू धावू लागते. पट्टीचा जो भाग हलतो तेथून वाळू उडते आणि जो भाग स्थिर राहतो तेथे जाऊन बसते. बघता बघता रेषा, तारे, चौकोन, कमळाच्या पाकळ्या अशा आकृती उमटतात. जणू न दिसणाऱ्या हाताने रांगोळी काढावी तशा! बोट दुसऱ्या जागी लावून गज ओढला की सूर बदलतो आणि रांगोळीही बदलते. सूर जितका चढा तितक्या रेषा जास्त आणि नक्षी बारीक.

क्लाड्नी ही करामत गावोगाव दाखवीत. 1809 च्या आरंभी पॅरिसमध्ये त्यांनी ती खुद्द नेपोलियन बादशहाला दाखविली. बादशहा खूश झाला. त्याने त्यांना त्यांचा ग्रंथ फ्रेंच भाषेत आणण्यासाठी 6000 फ्रँक दिले. आणि या आकृतींमागील गणित जो मांडून दाखवील व प्रयोगाशी ताडून पाहील त्याला 3000 फ्रँक किमतीचे सुवर्णपदक, अशी स्पर्धा तेथील विद्वानांच्या परिषदेमार्फत जाहीर झाली. दोन वर्षांची मुदत होती, 1 ऑक्टोबर 1811 पर्यंत.

लाग्रांज यांचे मत पडले की, आज असलेले गणित या कामाला पुरे पडणार नाही. झाले! एवढ्या मोठ्या माणसाने असे म्हटल्यावर बाकीचे पंडित जागचे हलले नाहीत. अख्ख्या युरोपातून मुदतीत एकच निबंध आला, आणि तो सोफीबाईंचा होता.

त्यांची कल्पना मला मुलीने पातळ पत्र्यावर दाखविली. पत्रा वाकविला की तो परत सरळ होऊ पाहतो. जितका जास्त वाकवावा तितका तो जोराने उलटा लोटतो. एखाद्या ठिकाणी पत्रा एका दिशेने किती वाकला आणि तिला आडव्या दिशेने किती वाकला हे दोन्ही मोजून त्यांची बेरीज घ्यावी, आणि पत्र्याचा सरळ होण्याचा जोर त्या बेरजेच्या मानाने धरावा, असे सोफीबाईंनी म्हटले. ऐकावयास सोपे वाटते. पण मुळात हा विचारच कोणी केला नव्हता. तो जोर आणि पत्र्याचे वजन या दोहोंवरून पत्रा किती वेगाने आणि कोणत्या रेषा स्थिर ठेवून हलेल, हे गणिताने काढावयाचे होते.

विचार बरोबर होता, पण पुढची आकडेमोड चुकली. घरी बसून, एकटीने, तुटक तुटक शिकलेल्या विद्येत कोठेतरी पोकळी राहणारच. कॉलेजातील मुलांना ज्या पायऱ्या गुरू घोटून घेऊन शिकवितात त्या त्यांना कोणी शिकविल्या नव्हत्या. परीक्षकांनी बक्षीस दिले नाही. पण लाग्रांज हे स्वतः परीक्षकांत होते. त्यांनी बाईंच्याच कल्पनेवरून खरे समीकरण काय यावयास हवे ते मांडून दाखविले. स्पर्धेची मुदत दोन वर्षांनी वाढली.

1813 मध्ये सोफीबाईंनी दुसरा निबंध दिला. या वेळी त्यांनी लाग्रांज यांच्या समीकरणावरून कितीतरी आकृतींचा हिशेब काढून दाखविला आणि तो क्लाड्नींच्या वाळूशी पुष्कळसा जुळला. पण ते समीकरण मुळात कसे येते याची सिद्धता परीक्षकांना पटली नाही. सन्माननीय उल्लेख झाला, पदक नाही. त्याच वर्षी लाग्रांज वारले. बाईंचा मोठा आधार गेला.

मध्यंतरी आणखी एक गोष्ट घडली. प्वासाँ नावाचे तरुण आणि नावाजलेले गणिती परिषदेचे सभासद झाले होते. सभासदाला स्पर्धेत उतरता येत नाही. पण स्पर्धा चालू असतानाच, 1814 मध्ये, त्यांनी याच विषयावर आपला निबंध परिषदेपुढे वाचला. लजांद्र या दुसऱ्या वृद्ध गणित्याला ते आवडले नाही आणि त्याने हरकत घेतली. सोफीबाईंशी चर्चा करण्याचे मात्र प्वासाँ यांनी टाळले. एकाच विषयावर काम करणारी दोन माणसे एकाच गावात, आणि त्यांचे बोलणे नाही! चार शब्द सरळ बोलले असते तर बाईंची किती वर्षे वाचली असती असे माझ्या मनात येते.

सोफीबाईंनी तिसऱ्यांदा लिहावयास घेतले. पट्ट्यांवरचे प्रयोगही त्या स्वतः करून पाहात; सपाटच नव्हे तर वळलेल्या पृष्ठांचेसुद्धा. अखेर 8 जानेवारी 1816 रोजी परिषदेने पदक त्यांना जाहीर केले. सिद्धतेत अजून उणेपणा आहे असा शेरा होताच, तरी पदक त्यांचे झाले. स्पर्धा लावणारा नेपोलियन तोपर्यंत लढाई हरून दूरच्या सेंट हेलेना बेटावर कैदेत पडला होता. समारंभाला लोकांनी गर्दी केली होती, कारण ही विदुषी दिसते तरी कशी हे सर्वांना पाहावयाचे होते. सोफीबाई गेल्याच नाहीत. का गेल्या नाहीत याबद्दल पुष्कळांनी तर्क केले आहेत. मला वाटते, ज्यांनी आपल्या प्रश्नांना उत्तरे दिली नाहीत त्यांच्या हातून पदक घ्यावयास जाण्याची त्यांना इच्छा झाली नसेल.

आणखी एक अडचण मला फार लागली. परिषदेच्या बैठकांना सभासदांच्या बायका जाऊन बसू शकत, पण ज्या बाईने परिषदेचे पदक मिळविले तिला प्रवेश नव्हता, कारण ती कोणाची बायको नव्हती. पुढे फूर्ये नावाचे गणिती परिषदेचे चिटणीस झाले. त्यांची बाईंशी मैत्री होती. त्यांनी सोफीबाईंना बैठकांची प्रवेशपत्रिका मिळवून दिली. कोणा सभासदाची पत्नी म्हणून नव्हे, तर आपल्या विद्येच्या बळावर तेथे बसणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. 1821 मध्ये त्यांनी आपला नादाचा निबंध सुधारून पदरच्या खर्चाने छापून घेतला. 1825 मध्ये आणखी एक निबंध परिषदेकडे दिला. तो ज्यांच्याकडे तपासण्यास गेला त्यांत प्वासाँ होते. कोणी त्याची दखल घेतली नाही. तो कागदांत पडून राहिला आणि छापला गेला 1880 मध्ये.

1829 मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले. तेव्हा त्यावर आजच्यासारखे उपाय नव्हते. 1830 मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली, रस्त्यांत गोळ्या सुटत होत्या, आणि लहानपणाप्रमाणेच या बाई घरात बसून लिहीत होत्या. 27 जून 1831 रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्या वारल्या. मृत्यूच्या नोंदीत धंद्याच्या रकान्यात गणिती असे लिहिलेले नाही. पुंजीच्या उत्पन्नावर राहणारी बाई, एवढेच लिहिले आहे. आपल्या रेशनकार्डावर ‘गृहिणी’ लिहितात त्याच जातीचे ते.

1889 मध्ये पॅरिसमध्ये आयफेल मनोरा उभा राहिला. लोखंड कोठे किती वाकेल याच्या हिशेबावर तो उभा आहे, आणि त्या विद्येत सोफीबाईंचा वाटा आहे. मनोऱ्यावर तेव्हा 72 शास्त्रज्ञांची व इंजिनिअरांची नावे कोरली, त्यांत प्वासाँ आहेत, लाग्रांज आहेत, फूर्ये आहेत. एकाही स्त्रीचे नाव तेव्हा घातले नाही. मुलींच्या शिक्षणासाठी 1882 मध्ये पॅरिसमध्ये जी एक शाळा निघाली तिला मात्र पुढे सोफी जर्मेन हेच नाव दिले.

त्यांच्या गणितातील राहिलेली उणीव जर्मनीतील किर्खहोफ यांनी 1850 मध्ये भरून काढली. पट्टीच्या कडांवर काय घडते हे त्यांनी नीट सोडविले आणि वाळूच्या रेषा व आकडे यांचा मेळ बसला. आजही व्हायोलिन करणारे काही कारागीर तबली घासताना तिच्यावर भुकटी पसरून ती सुरात थरथरवितात आणि उमटलेल्या आकृतीवरून लाकूड कोठे जाड आहे, कोठे आणखी तासावे, हे ठरवितात.

आपल्या तबल्याशीही या वाळूचा संबंध आला. नुसत्या ताणलेल्या कातड्यातून मूळ सुराबरोबर जे वरचे सूर निघतात ते मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट असे सरळ हिशेबात नसतात, म्हणून साधा ढोल धबधबतो, गात नाही. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1920 मध्ये आणि पुन्हा 1934 मध्ये दाखविले की, तबला व मृदंग यांच्या तोंडावरील शाईमुळे कातड्याचे वजन मधोमध वाढते आणि त्याचे पहिले पाच सूर सरळ हिशेबात येतात. म्हणून तबला षड्जात लावता येतो. हे सिद्ध करताना रामन यांनीही कातड्यावर बारीक वाळू टाकून आकृती पाहिल्या. ज्या कोणा जुन्या कारागिराने प्रथम शाई लावली त्याला हे गणित ठाऊक नसणार. त्याला कान होता.

ज्या भगिनींना ही रांगोळी घरी पाहावयाची असेल त्यांनी एक रुंद तोंडाचे पातेले घ्यावे. त्यावर पातळ प्लॅस्टिक सुरकुती न राहता ताणून बसवावे आणि काठाखाली रबर किंवा दोरीने घट्ट बांधावे. वर चिमूटभर बारीक रवा सारखा पसरावा. मग बाजूने तोंड जवळ नेऊन, फुंकर न घालता, मोठ्याने ‘आ’कार लावावा. सूर हळूहळू वर न्यावा. एखाद्या सुराला रवा एकदम नाचू लागतो आणि सरकून रेघा धरतो. तेथे सूर थोडा वेळ धरून ठेवावा. आणखी वर गेले की रेघा मोडतात आणि दुसऱ्या जागी जमतात. प्लॅस्टिक सैल राहिले तर काहीच होत नाही, तेवढे सांभाळावे.